झूल दर हिवाळ्यात खांदा घासते? आधी इंच कुठले ते बघा

डिसेंबर लागला, घोड्यांवर थंडीच्या झुली चढल्या की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. घोड्याचा खांदा, त्यावर तळहाताएवढं टक्कल, आणि खाली मेसेज: "झूल लागतेय, मोठी मागवू का?" कधी फोटोत झूल पोटाखाली लोंबत असते, कधी मानेकडून सरकून अर्ध्या पाठीवर आलेली असते. प्रश्न तोच. गंमत म्हणजे गेल्या वर्षी ज्यांनी विचारलं होतं त्यातलेच काही जण यंदा पुन्हा विचारतात, कारण मधल्या काळात त्यांनी खरंच मोठी मागवलेली असते.

मोठी मागवू नका. निदान खालचं वाचून होईपर्यंत तरी.

आमची जागा निफाड तालुक्यात, द्राक्षबागांच्या मधोमध. जानेवारीत बातम्यांत निफाडचा पारा ५-६ अंशांवर आल्याचं जे येतं, ती नोंद कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली असते, आणि ती थंडी आमच्या तबेल्यातही असते. सात जनावरं आहेत: तीन मारवाडी, एक काठियावाडी, रेसकोर्सवरून निवृत्त झालेले दोन थरोब्रेड आणि एक भीमथडी तट्टू. सात जनावरं म्हणजे सात अंगकाठ्या. त्यामुळे झुलीच्या बाबतीत करता येण्यासारख्या जवळजवळ सगळ्या चुका करून झाल्या आहेत.

पहिली चूक: उंची सांगून झूल मागवणे

आपल्याकडे घोडा इंचात बोलतात. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात उभं राहा, दर दोन मिनिटांनी कानावर येईल, "६४ इंची आहे, दाताला दोन." दात वयाचे, इंच उंचीचे. जमिनीपासून आयाळ संपते तिथल्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत. रायडिंग क्लबात त्या उंचवट्याला विदर्स म्हणतात, मी इथे तोच शब्द वापरतो. क्लबवाले उंची हातात सांगतात, एक हात म्हणजे ४ इंच, म्हणजे १५.२ हात म्हणजे १५ हात आणि वर २ इंच, एकूण ६२. इथवर ठीक.

झुलीवरही इंच लिहिलेले असतात. पण ते उंचीचे नाहीत, लांबीचे आहेत. छातीच्या मध्यापासून निघून खांद्यावरून, कुशीवरून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर. दोन्हीकडे इंच, दोन्हीकडे साठ-सत्तरच्या घरातला आकडा, आणि गोंधळ इथेच होतो.

आमची घोडी चांदणी ६२ इंची. पहिल्या हिवाळ्यात मी हौसेने ऑनलाइन ६२ इंची झूल मागवली. पार्सल आलं, आम्ही ती घोडीवर टाकली, आणि घोड्यांची देखभाल करणारे आमचे मोतद्दार मामा दोन पावलं मागे जाऊन म्हणाले, "ही झूल आहे का बंडी?" पुढची बक्कल लागेनात, पुठ्ठे उघडे. ती झूल शेवटी तट्टाच्या वाट्याला गेली. तट्टाला मात्र ती अशी बसली जणू त्याच्यासाठीच शिवली होती.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि ७८ मागवली. मोठी असलेली बरी, असा विचार. लहान मुलाला वाढत्या अंगाचा शर्ट घेतात तसा. महिन्याभरात दोन्ही खांद्यांना टक्कल, विदर्सवर केस तुटलेले आणि घोडी झूल बघितली की कान मागे पाडायला लागली. तेव्हा मला वाटलं झूल कडक आहे म्हणून लागतेय. आत फोमचा तुकडा शिवला, मग जुन्या स्वेटरची बाही. अक्षरशः खोगीरभरती. काही उपयोग झाला नाही.

शेवटी माप घेतलं. ७१ इंच. तिला ७२ची झूल हवी होती.

मोठी झूल खांदा का घासते

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी अडचण संपते, म्हणून जरा थांबून सांगतो.

लहान झूल घासते हे कळायला सोपं आहे. छातीवर ताण, खांद्याचं हाड पुढे आलं की कापड त्यावर घट्ट, पाऊल टाकताना तेवढ्याच जागी घर्षण. खूण स्पष्ट दिसते: खांद्याच्या टोकावर लहान, गोल, नेमकं टक्कल.

मोठी झूल वेगळ्या रस्त्याने त्याच जागी येते. तिचा गळा मोठा असतो. घोडा खाली बसतो, लोळतो, मान खाली घालून कडबा खातो, आणि दर हालचालीला झूल एकेक बोट मागे सरकते. खरं तर झुलीचा गळा विदर्सच्या पुढे, मानेच्या बुडाशी बसायला हवा. तो मागे सरकून विदर्सवर येतो आणि मग त्याच्याही मागे. आता पुठ्ठ्यावरचं सगळं वजन झुलीला मागे ओढतंय आणि पुढे छातीची बक्कल तिला अडवतायत. मधे सापडतात ते दोन खांदे. कापड तिथे दोरीसारखं ताणलं जातं. याची खूण वेगळी: टक्कल लांबट, पट्ट्यासारखं, वरून खाली तिरपं, आणि बरोबरीने विदर्सवरचे केस तुटलेले.

म्हणजे खांदा घासतोय एवढ्यावरून झूल लहान की मोठी हे ठरत नाही. आणि लोक काय करतात? खांदा घासला, मोठी घ्या. तिने जास्त घासला, आणखी मोठी घ्या. हे चक्र दर हिवाळ्यात फिरतं.

खडूची परीक्षा

खर्च शून्य. रात्री झूल घातल्यावर ती नीट बसवा आणि गळ्याची कड जिथे येते तिथे, कडेच्या बरोब्बर पुढे, केसांवर खडूने एक रेघ ओढा. अंग पांढरं असेल तर गेरू किंवा ओली हळद. शेपटीकडे झूल संपते तिथेही एक. सकाळी कोणी झूल सारखी करायच्या आत जाऊन बघा. हे "आत" महत्त्वाचं आहे, कारण आमच्याकडे मामा पहाटे पाच वाजता चंदी (दाणा) द्यायला जातात आणि सवयीने झूल ओढून जागेवर आणतात. मी आठवडाभर परीक्षा घेत होतो आणि रोज उत्तर येत होतं, झूल हललीच नाही.

गळ्याची कड आणि रेघ यांत चार बोटांहून जास्त अंतर पडलं असेल, तर झूल मोठी आहे किंवा तिचा गळा त्या घोड्याच्या मानेला मोठा आहे. रेघ जागेवर आहे पण खांद्यावर कापड ताणलेलं दिसतंय, बोटं आत जात नाहीत, तर झूल लहान आहे किंवा पुढची बक्कल जास्त आवळली आहेत. रेघ सगळीकडे पसरून पुसली गेली असेल तर घोडा रात्रभर लोळलाय. तो वेगळा विषय, खाली येतो.

माप कसं घ्यायचं

दोन माणसं लागतात. एकट्याने घेतलेलं माप मी मानत नाही, माझं स्वतःचंही नाही.

घोडा सपाट जागेवर उभा करा. फरशी किंवा टणक जमीन, गव्हाणीपाशी नको, कारण तिथे तो मान खाली घालणारच. चारही पाय अंगाखाली सरळ, मान नेहमीच्या उंचीवर, तोंड समोर. एक पाय पुढे असला तरी इंच-दोन इंचांचा फरक पडतो.

आता टेप. शिंप्याची टेप ६० इंचांवर, म्हणजे दीडशे सेंटिमीटरवर संपते. आपल्याला हवं असतं ७०च्या आसपासचं माप. मग लोक ६०वर बोट ठेवतात, टेप पुढे सरकवतात, घोडा एवढ्यात हलतो आणि बोट घसरतं. मला आलेल्या चुकीच्या मापांपैकी बरीच या एका सरकवण्यातली आहेत. सुताराची स्टीलची टेप तर नकोच. ती खळखळते, मधेच वाकून टणकन वाजते, आणि आमचा थरोब्रेड बादशहा असल्या आवाजाला अजून रेसच्या गेटमधून सुटल्यासारखा उडतो. सगळ्यात सोपं म्हणजे सुतळी. सुतळीवर दोन गाठी मारा, मग ती जमिनीवर सरळ अंथरून आरामात मोजा.

एका माणसाने सुतळीचं टोक छातीच्या मध्यावर धरायचं, जिथे मान छातीला मिळते तिथे, खालच्या खळग्यात नव्हे. तिथून ती खांद्याच्या सगळ्यात पुढे आलेल्या हाडावरून न्यायची. हे हाड चुकवून सुतळी वरून नेली की माप दोन-तीन इंच कमी भरतं. पुढे कुशीवरून, जमिनीला समांतर, पुठ्ठ्याच्या सगळ्यात मागे आलेल्या टोकापर्यंत. शेपटीच्या बुडाशी नाही, बाजूने मागे जिथे मांडीची फुगवटी संपते तिथे. सुतळी अंगाला चिकटून हवी, ताणलेली नको आणि पोटाखाली झोळ पडलेलीही नको.

तीन वेळा घ्या. तिन्ही आकडे इंचाच्या आत जुळले तर पुढे जा.

आकडा दोन साइजच्या मधे आला तर साधारणपणे वरचा घ्यावा. पण फक्त लगतचा वरचा. ७०-७१ला ७२, ७३ला ७५. ७१ला ७५ नाही. साइज बहुतेक ठिकाणी तीन-तीन इंचांनी वाढतात: ६३, ६६, ६९, ७२, ७५, ७८.

पडताळा हवा असेल तर एक ढोबळ हिशेब सांगतो. उंचीत ८ ते १२ इंच मिळवले की बहुतेक घोड्यांचं झुलीचं माप त्याच्या आसपास येतं. तट्टांना कमी मिळवायचं, मोठ्या थरोब्रेडांना जास्त. ६२ इंची चांदणी ७१. पण या हिशेबावर झूल मागवू नका, हा फक्त सुतळीची चूक पकडायला आहे. ६४ इंची घोड्याचं माप ६६ आलं तर सुतळी कुठेतरी हुकली आहे.

लेबलावरचे आकडे

इथे आणखी एक खड्डा आहे. ब्रिटिश झुलींवर माप फूट-इंचात असतं. ६ फूट म्हणजे ७२ इंच, ५ फूट ९ म्हणजे ६९. माझी भाची इंग्लंडात शिकते, तिने सुट्टीला येताना एक चांगली वापरलेली झूल आणली. लेबलावर ६'३". ओळखीच्या एका गृहस्थांनी ती मागितली, त्यांची घोडी ६३ मापाची होती. मी म्हटलं, हा ६ फूट ३ इंच आहे, ७५ इंच. ते म्हणाले, "मग ६.३ असं का लिहितात?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, दुकानांच्या पानांवर कधीकधी टिंबच दिलेलं असतं.

जर्मनी, फ्रान्स वगैरेकडच्या झुलींवर १२५, १३५, १४५ असे आकडे दिसतात. हे सेंटिमीटर, आणि मोजतात पाठीवरून: गळ्याच्या कडेपासून, म्हणजे विदर्सच्या किंचित पुढून, शेपटीच्या बुडापर्यंत. छातीपासून नाही. ७२ इंची झूल साधारण १३० ते १३५च्या घरात येते. ७२ इंचांना २.५४ने गुणून १८३ काढलं आणि १८३ची झूल शोधत बसलात तर ती या पद्धतीत मिळायची नाही. अशी झूल घ्यायची असेल तर सुतळी पाठीवरून पुन्हा टाका, गुणाकार करू नका.

माप बरोबर, तरी घासते

हे होतं, आणि तिथे घोड्याची ठेवण बघावी लागते.

मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांची छाती अरुंद, मान उंच बसवलेली, अंग सडसडीत. बाहेरच्या झुली बहुतेक रुंद छातीच्या घोड्यांना धरून बेतलेल्या. लांबी जुळते आणि गळा ढगळ राहतो. चांदणीची ७२ची झूल पहिल्याच दिवशी बसली ती पुढची बक्कल आतल्या भोकात घेतल्यावर. ज्या झुलीला पुढे दोन बक्कल आहेत आणि दोन्ही वेगवेगळी खालीवर करता येतात, ती आपल्या घोड्यांना जास्त चालते. खालचं बक्कल जरा ढिलं, वरचं नीट. घोड्याने नाक जमिनीला लावलं तरी गळ्यावर ताण येता कामा नये, हे बघायला एक मूठ हरभरे जमिनीवर टाका, तो स्वतःच दाखवेल.

थरोब्रेडांचं विदर्स उंच आणि धारदार. सपाट शिवलेली झूल त्या कंगोऱ्यावर टेकते आणि तिथे केस जातात. अशा घोड्याला गळा वर चढवलेली, मानेवर थोडी येणारी झूल हवी. तिचं वजन मानेच्या बुडावर पसरतं.

भीमथडी तट्टू म्हणजे उलट प्रकार. पोट मोठं, पाठ रुंद, विदर्स नावालाच. त्याची झूल मागे सरकत नाही, बाजूला फिरते.

खांद्यापाशी कळी घातलेली झूल मिळाली तर घ्या. कुडत्याच्या काखेत कळी असते ना, हात वर केला की कापड ओढलं जाऊ नये म्हणून, तेच. पाय पुढे टाकताना कळी उघडते. पण चुकीच्या मापाची झूल कळीने दुरुस्त होत नाही, कारण खांदा एका जागी आणि कळी भलत्याच जागी येते. खांद्यांपुरतं आतून साटीनचं अस्तर लावून घेतलं तर केस कमी तुटतात. नवी झूल असेल आणि माप बरोबर असेल, तरच हा खर्च करावा.

एका कुशीवर फिरते

सकाळी झूल पोटाखाली गेलेली दिसली तर हसण्यावारी नेऊ नका. घोडा उठताना त्यात पाय अडकला तर घाबरून भिंतीवर आपटतो.

बहुतेक वेळा पट्टे असमान असतात. पोटाखालून दोन पट्टे फुलीसारखे येतात, दोन्हींची लांबी सारखी हवी. पट्टा आणि पोट यांत तळहात सपाट जाईल एवढी जागा, जास्त नको. लोक दयेपोटी ढिले सोडतात आणि ढिल्या पट्ट्यातच मागचा खूर जातो. मांडीचे पट्टे एकमेकांतून ओवायचे: डावा मांडीला वळसा घालून डावीकडेच लावायचा, मग उजवा त्याच्या फासातून काढून उजवीकडे. असे केले की ते एकमेकांना धरून ठेवतात आणि आतली कातडी सोलत नाहीत. हुकांची तोंडं अंगाच्या बाजूला, बाहेर नाही, नाहीतर जाळीत किंवा दुसऱ्या घोड्याच्या मोरखीत (तोंडावरच्या दोरीत) अडकतात.

पट्टे सारखे असून एकाच बाजूला फिरत असेल तर घोडा त्याच कुशीवर लोळतो का बघा. आणि लोळतो कशाला? पुष्कळदा उकडतंय म्हणून.

घालताना झूल आधी मानेवर पुढे टाका आणि मग मागे ओढा, म्हणजे केस दबून सरळ बसतात. मागून पुढे ओढली की केस उलटे उभे राहतात आणि रात्रभर टोचतात. आधी छातीचं बक्कल, मग पोट, मग मांड्या. काढताना नेमकं उलट. मागचे पट्टे बांधलेले आणि पुढचे सुटे असताना घोडा बिचकला तर झूल मागे सरकून पायांत जाते. मी बघितलंय, पुन्हा बघायची इच्छा नाही.

शिवून घ्यायची असेल तर

गावात ताडपत्री आणि छत शिवणारा असतो. त्याच्याकडून झूल शिवून घेणं वाईट नाही, पण तो चौकोन शिवतो. घोडा चौकोनी नाही. चौकोन पाठीवर टाकला की तो दोन्हीकडे घसरणारच. त्याला तीन मापं द्या: छातीपासून पुठ्ठ्यापर्यंत, गळ्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत पाठीवरून, आणि कण्यापासून कोपराच्या जरा खालपर्यंतची खोली. पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंनी टक घ्यायला सांगा, म्हणजे मागचा भाग ओंजळीसारखा होतो आणि झूल पुठ्ठ्याला धरून राहते. शेवटचं टोक शेपटीच्या बुडाशी थांबावं. खाली आलं तर घोडा शेण टाकताना भरतं, वर राहिलं तर वारा आत शिरतो.

आणि ताडपत्री आत लावू नका. ती श्वास घेत नाही. अंगाची वाफ आतच पाणी होऊन बसते, सकाळी घोडा ओला आणि तुम्हाला वाटतं दव पडलं. बाहेरून जाड कॅनव्हास, आत सुती अस्तर, बस.

जुन्या पद्धतीची बारदानाची झूल किंवा घोंगडी एखाद्या रात्रीपुरती उत्तम. आमच्याकडे एका घोडीला रात्री शूळ उठला होता, डॉक्टर येईपर्यंत तिच्यावर घोंगडीच होती. फक्त वरून नुसती दोरी आवळू नका. दोरी कण्यावर बसते. कण्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेलं फडकं ठेवून त्यावरून रुंद पट्टा घ्या.

झूल हवी आहे का?

हा प्रश्न खरं म्हणजे सुरुवातीला यायला हवा होता, पण तिथे लिहिला तर कोणी पुढे वाचत नाही.

थंडीचे केस पूर्ण आलेला, अंगाने चांगला, कोरडा घोडा शून्याच्या खालची थंडीही सोसतो. केस भादरलेल्या घोड्याला मात्र ५ अंशांच्या आसपास मदत लागायला लागते. निफाडच्या सगळ्यात वाईट रात्रीसुद्धा आमच्या मारवाड्यांना झुलीची गरज क्वचितच असते. गरज असते ती भादरलेल्या थरोब्रेडांना, म्हाताऱ्यांना, आजारातून उठलेल्यांना, हाडं दिसणाऱ्यांना, आणि पावसात उघड्यावर असणाऱ्या कुणालाही. भिजलेले केस ऊब धरत नाहीत. बाकीच्यांना रात्री कडब्याच्या चार पेंढ्या जास्त टाकल्यात तर त्या झुलीहून बऱ्या. चाऱ्याचं पचन आतड्यात चालू असतं तोवर आतून शेगडी पेटलेली असते.

चांदणीला आता मी झूल घालतो ती फक्त अंगात केस कमी असताना, नोव्हेंबरच्या पहिल्या थंड आठवड्यांत. नंतर तिचे केस येतात. सतत झूल ठेवली तर ते दबतात आणि केसांमधली हवेची पोकळी राहत नाही, म्हणजे ऊब राखण्याचं तिचं स्वतःचं साधन आपणच मोडतो.

झुलीच्या आत किती भरण आहे ते ग्रॅममध्ये लिहितात, दर चौरस मीटरला. शून्य म्हणजे नुसतं कापड, १०० हलकी, २०० मध्यम, ३००च्या पुढे जड. महाराष्ट्रात १००च्या वर जाण्याचं कारण मला भादरलेला किंवा आजारी घोडा सोडून कधी सापडलं नाही. लोक ३००ची घेतात कारण हाताला गुबगुबीत लागते. सकाळी अकराला निफाडात पंचवीसच्या आसपास तापमान असतं आणि जनावर आत शिजत असतं. सूर्य तबेल्याच्या दारात आला की झूल निघाली पाहिजे, हा आमचा नियम. शंका असेल तर हात झुलीखाली, खांद्याच्या मागे घाला. कोरडं आणि कोमट हवं. ओलसर लागलं तर काढा, थंडी असो वा नसो. कान गार आहेत म्हणून झूल घालायची हेही सोडा. कान गार असून अंग गरम असणं नेहमीचं आहे.

लेबलावर "स्टेबल" लिहिलं असेल तर ती तबेल्यातली झूल, पाणी झेलत नाही. "टर्नआउट" म्हणजे बाहेरची, जलरोधक. अवकाळीच्या पावसात तबेल्यातली झूल घालून घोडा बाहेर सोडणं म्हणजे त्याच्यावर ओली रजई टाकणं. आणि बाहेरची झूल साध्या पावडरीने गरम पाण्यात धुवू नका, पाणी झेलणारा थर जातो. वाळल्यावर ब्रश, मग गार पाणी, आणि उन्हात नव्हे तर सावलीत वाऱ्याला.

पडलेल्या टकलाचं काय

कातडी फुटली नसेल, नुसते केस गेले असतील, तर झूल दुरुस्त करा आणि जागा स्वच्छ ठेवा. होळीच्या सुमारास घोडे थंडीचे केस टाकतात, तेव्हा नवे केस येताना बहुतेक ठिकाणी भरून निघतं. जखम असेल, सूज असेल, हात लावल्यावर घोडा चमकत असेल, तर झूल बंद आणि पशुवैद्यांना दाखवा.

विदर्सवर पांढरे केस उगवले तर ते तसेच राहतात. दाब एवढा पडलेला असतो की केसाचं मूळच बिघडतं. चांदणी काळीभोर आहे आणि तिच्या विदर्सवर रुपयाएवढा पांढरा ठिपका आहे. गेल्या सारंगखेड्याला एका गिऱ्हाइकाने तो शुभलक्षण समजून कौतुकाने हात फिरवला आणि विचारलं, जन्मापासूनचा का? मामांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, ७८ची झूल.

त्याला वाटलं हे तिच्या बापाचं नाव आहे.